पंचवीस डिसेंबरचा सातबारा

२५ डिसेंबरच्या सातबाऱ्यावर किती नावं चढली आहेत, ते एकदा बघण्यासारखं आहे. पंडित मदनमोहन मालवीय १८६१ साली या दिवशी जन्मले, अटलबिहारी वाजपेयी १९२४ साली. म्हणून २०१४पासून केंद्र सरकारचा ‘सुशासन दिन’. त्याच वर्षापासून आसाराम बापूंच्या आश्रमाने याच तारखेला ‘तुलसी पूजन दिवस’ लावून दिला. बापू पुढे बलात्काराच्या खटल्यात दोषी ठरले, तरी तुळशीचे मेसेज दर डिसेंबरला न चुकता येतात. त्याआधी १९२७ साली महाडला याच दिवशी बाबासाहेबांच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, आणि आज अनेक संघटना तो दिवस स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. या सगळ्यांच्या आधी, सर्वांत जुन्या फेरफारात, बेथलेहेमच्या एका बाळाचं नाव आहे.

त्या दिवशी माझ्या फोनवर ‘नाताळच्या शुभेच्छा’, ‘जय भीम’ आणि ‘तुळशीला पाणी घाला, झाडं तोडून सण साजरे करू नका’ हे सगळं एका तासात येतं. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, अनेकांना याचा राग येतो. “आमचा दिवस पळवला,” असं ते उपासनेनंतर गेटपाशी उभे राहून बोलतात. मला हा राग समजतो, पण पटत नाही. आपण चुकीच्या गोष्टीसाठी भांडतोय आणि ज्यासाठी भांडायला हवं ती गोष्ट हातातून निसटतेय, असं मला वाटतं.

मुळात तारखेवर आपला हक्क काय? बायबलमधल्या चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, त्याच्या जन्माची तारीख नाही. त्यांतल्या एकाचा लेखक लूक एवढंच सांगतो की त्या रात्री मेंढपाळ रानात कळप राखत होते, आणि त्यावरून ते थंडीचे दिवस नसावेत असं म्हणणारे ख्रिस्ती अभ्यासकच पुष्कळ आहेत. २५ डिसेंबरचा सर्वांत जुना पुरावा सापडतो तो रोममध्ये, ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात. त्यातली ही नोंद ३३६ सालची मानतात. त्याच संग्रहात त्याच तारखेपुढे ‘अजिंक्य सूर्या’चा जन्मदिवसही लिहिलेला आहे. मंडळीने सूर्याचा सण उचलला, की २५ मार्चला गर्भधारणा धरून नऊ महिने पुढे मोजले, यावर विद्वान अजून भांडतात. आर्मेनियन मंडळी ६ जानेवारीलाच जन्मोत्सव करते, रशियन आणि इथिओपियन ७ जानेवारीला. त्यांचा तारणारा काही वेगळा नाही.

याहून गमतीची गोष्ट आमच्या घरचीच आहे. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्या ज्या दोन मिशनांच्या अंगाखांद्यावर वाढल्या, त्या दोघांच्याही मायदेशी नाताळला मान नव्हता. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, ते बोस्टनच्या ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी संस्थेचे. बोस्टन म्हणजे प्युरिटनांचं, कडव्या प्रोटेस्टंटांचं गाव. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ साली कायदाच केला होता, की काम बंद ठेवून किंवा मेजवानी करून कुणी ख्रिसमस पाळताना सापडला तर त्याला पाच शिलिंग दंड. तो कायदा १६८१ला रद्द झाला, पण तिथे नाताळला सरकारी सुट्टी मिळायला १८५६ उजाडावं लागलं. म्हणजे नगरला १८३१मध्ये मराठी मिशनचं ठाणं बसलं, तेव्हा त्यांच्या मायदेशी २५ डिसेंबर हा कामाचा दिवस होता. दुसरे आले जॉन विल्सन, १८२९मध्ये, स्कॉटलंडहून. ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर उभं आहे तेच. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १६४०मध्ये नाताळ रद्द केला होता, आणि तिथे त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी सुरू झाली १९५८ साली. खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटनेही १६४७मध्ये नाताळ आणि ईस्टर दोन्ही बंद केले. या सगळ्यांचा आक्षेप एकच होता: शास्त्रात नाही, मूर्तिपूजकांकडून आलंय, आणि लोक नुसते खातात-पितात.

‘ख्रिसमस हा पाश्चात्त्य सण, आपल्या संस्कृतीवर आक्रमण’ असं टीव्हीवर ओरडणाऱ्यांना हे माहीत असण्याची गरज नाही. आपल्याला मात्र हवी. कारण नगरकडच्या ख्रिस्ती घरात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जे चाललेलं असतं, ते बोस्टनहून आलेलं नाही. करंज्या, शेव, चकल्या, अनारसे यांचे डबे भरतात. दारावर चांदणीचा आकाशकंदील चढतो. भजनी मंडळ पेटी, तबला आणि झांजा घेऊन घरोघर फिरतं, आणि गायलं जातं ते बरंचसं नारायण वामन टिळकांच्या वळणाचं असतं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्यांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग आणि कीर्तन दिलं, म्हणजे जे आपलंच होतं ते परत दिलं. त्यांच्याही पावणेतीनशे वर्षं आधी गोव्यात थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट पाद्र्याने येशूची कथा मराठी ओवीत रचली, ती १६१६ला राचोलला छापली गेली. वसईची सामवेदी बोलीतली गाणी आणखी वेगळी. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरीयामातेच्या, यात्रेत सप्टेंबरमध्ये जे लोटतात, त्यांच्यात किती ख्रिस्ती आणि किती हिंदू हे मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही. तरी २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो झाले, तेव्हा काहींना ‘पाद्री’ मराठीच्या व्यासपीठावर खपला नाही. ज्या माणसाने आयुष्यभर मराठीत लिहिलं, आख्खं बायबल सुबोध मराठीत आणलं, त्याने मराठी असल्याचा आणखी कोणता दाखला आणायचा होता, कोण जाणे.

आता तुळस. तिच्याबद्दल बोलायचं तर खाली मान घालूनच बोलायला हवं. गोव्यात १५६०पासून १८१२पर्यंत, मधली चार वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय होतं. त्याच्या १७३६च्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्यांना लग्नातली देशी गाणी, धोतर, चोळी यांच्याबरोबर घराभोवती तुळस लावायलाही बंदी केली. त्या न्यायासनापुढे मुख्यतः नवख्रिस्तीच उभे केले जात. गुन्हा काय, तर आजीच्या सवयी सुटल्या नाहीत. आपल्या हातात सत्ता होती तेव्हा आपल्या माणसांनी तुळस उपटायला लावली, हे सत्य आहे. त्यामुळे २५ डिसेंबरला कुणी तुळशीची पूजा करत असेल तर करू दे. पूजा करणाऱ्या बाईशी माझं काहीच भांडण नाही. भांडण असलंच तर त्या आयोजकाशी, ज्याला वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत नेमका हाच सापडला. कार्तिकात तुळशीचं लग्न असतं, तिथे तिला काय कमी पडलं होतं?

आणि आमच्यातले काही उपदेशक आजही तेच करतात, फक्त त्यांच्या हाती सत्ता नाही. दिवाळीची पणती म्हणजे सैतानाचा दिवा, शेजाऱ्याचा प्रसाद घेतला तर शाप लागतो, असं माइकवरून सांगणारे आहेत. ते स्वतःच्या मंडळीला घाबरवतात आणि शेजाऱ्याला दुखावतात. वर त्याची क्लिप व्हायरल होऊन चार गल्ल्या पलीकडच्या गरीब प्रार्थनागृहाला त्याची किंमत मोजावी लागते. यांना ‘धर्मस्वातंत्र्य’ हा शब्द कुणी ऐकवला, की ते म्हणतात, बायबलमध्ये दाखवा. असो.

सातबाऱ्यावरचं जे नाव मला सर्वांत जवळचं वाटतं, ते महाडचं. मी ज्या घरातून येतो ते ख्रिस्ती व्हायच्या आधी महार होतं, आणि हे आम्ही दडवत नाही. १९२७च्या त्या रविवारी चवदार तळ्याच्या गावात मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला होता गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी. ते जन्माने ब्राह्मण. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण तिथे प्रश्न जातीच्या पुस्तकाचा होता, जातीत जन्मलेल्या माणसाचा नव्हे. मरीयेने गर्भारपणी गायलेलं गीत लूकच्या पहिल्या अध्यायात आहे. देवाने सत्ताधीशांना आसनावरून खाली ओढलं आणि दीनांना वर चढवलं, असं ती गाते. आमच्या नाताळ कार्यक्रमात ते लहान मुली पांढरे फ्रॉक घालून गातात, आणि आपण मोबाइलवर व्हिडिओ काढतो. अर्थ ऐकला तर महाड आणि बेथलेहेम यांत फार अंतर उरत नाही. त्या दिवशी मंडळीत महाडचा उल्लेख व्हावा असं मी बरेचदा सुचवलंय. उत्तर येतं, “राजकारण नको.”

राजकारण नको म्हणणाऱ्यांना राजकारणाने सोडलंय का? १९५०च्या अनुसूचित जातींच्या राष्ट्रपती आदेशातला तिसरा परिच्छेद म्हणतो, की हिंदू सोडून अन्य धर्माचा माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ला त्यात शीख आले, १९९०ला बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. बाप्तिस्मा घेतला की कागदावरची जात जाते आणि तिच्याबरोबर सवलत जाते, ॲट्रॉसिटी कायद्याचं कवच जातं. गावातली जात कुठेच जात नाही, आणि खरं सांगायचं तर मंडळीतलीही जात नाही. गोव्यात आजही बामण (ब्राह्मण) आणि चारडो (क्षत्रिय) ख्रिस्ती सोयरिकीत एकमेकांना ओळखून असतात, आमच्याकडची स्थळंही ‘मूळचे कोण’ विचारूनच पुढे सरकतात. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७मध्ये धर्माची अट काढा असं सांगितलं. २०२२ला न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला, मग त्याच्या मुदती वाढत गेल्या. या परिच्छेदाचा जन्म नेहरूंच्या सरकारचा आहे. जुन्या मध्य प्रदेशात, नागपूर राजधानी असताना, मिशनऱ्यांच्या चौकशीसाठी १९५४मध्ये नियोगी समिती नेमली तीही काँग्रेसच्या सरकारने. हिमाचलचा २००६चा धर्मांतरविरोधी कायदाही त्यांचाच. तेव्हा ‘पूर्वी सगळं छान होतं’ हे गाणं आपण तरी गाऊ नये.

तरीही आजचं वेगळं आहे, आणि वेगळं काय ते नेमकं सांगायला हवं.

१९९८च्या नाताळात गुजरातच्या डांग जिल्ह्यात प्रार्थनामंदिरं फोडली, जाळली गेली. डांग म्हणजे आपल्या सुरगाण्याला लागून, डोंगर उतरलं की पलीकडे. वाजपेयी पंतप्रधान होते. १० जानेवारी १९९९ला ते तिथे गेले. जाणं हेच मोठेपणाचं होतं, ते नाकारायचं कारण नाही. पण जळलेल्या खोपटांसमोरून परतताना त्यांनी देशापुढे मागणी ठेवली ती धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चेची. पंधरवड्याच्या आत ओडिशात मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं गाडीत जिवंत जाळली गेली. वाजपेयींनी तेव्हा दुःख व्यक्त केलं, आणि मला ते खोटं वाटत नाही. मला आठवण करून द्यायची आहे ती एवढीच, की त्यांच्या जन्मदिवसाला सुशासन दिन म्हणताना १९९८चा २५ डिसेंबरही त्याच तारखेत मोजावा लागतो. घर जळालं तर जळलेल्याला ‘तू इथे का आलास’ असं विचारायची रीत तिथून रुळली.

पुढचं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. २०२३च्या ईस्टरला पंतप्रधान दिल्लीच्या सेक्रेड हार्ट कॅथेड्रलमध्ये गेले. २०२५च्या नाताळला सकाळी ते दिल्लीतल्याच कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शनमध्ये उपासनेला बसले. आदल्या दिवशी, धर्मांतराविरोधात पुकारलेल्या छत्तीसगड बंदच्या दिवशी, रायपूरच्या एका मॉलमध्ये जमावाने घुसून नाताळची सजावट तोडली होती. आमचे बिशप मेणबत्ती घेऊन पाहुण्याचं स्वागत करतात, फोटो निघतो, आणि मग कुणाला रायपूरबद्दल विचारायचं धैर्य होत नाही. पाहुण्याला पायरीवरून परत पाठवा असं मी म्हणत नाही. पण घरात आलेल्याला चहाबरोबर दोन प्रश्नही विचारता येतात, आणि बिशपांना ते येत नसतील तर मंडळीतल्या कुणालाही विचारा, लिहून देईल.

सजावट तुटली तर परत लावता येते. खरी गोम कायद्यात आहे. २०२२च्या पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, उत्तर प्रदेशात फतेहपूरच्या एका चर्चमध्ये लोक उपासनेला जमले होते. १४ एप्रिल, बाबासाहेबांचीही जयंती. बाहेर जमाव आला, सामूहिक धर्मांतर चाललंय अशी तक्रार झाली, गुन्हे दाखल झाले. ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणांतले गुन्हे रद्द केले. एक मोठं कारण असं, की तेव्हाच्या कायद्यानुसार तक्रार फक्त पीडित व्यक्ती किंवा तिचे नातेवाईक करू शकत होते, आणि तक्रारदार यांपैकी कुणीच नव्हता. न्याय मिळाला, साडेतीन वर्षांनी. पण तेवढ्यात, २०२४मध्ये, उत्तर प्रदेशने कायदाच बदलून घेतला. आता तक्रार कोणीही करू शकतो, आणि काही गुन्ह्यांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ज्या भिंतीमुळे फतेहपूरचे लोक सुटले, ती भिंतच काढून टाकली.

‘कोणीही’ म्हणजे काय, हे खेडेगावातल्या मंडळीला विचारा. दहा-बारा बाया पत्र्याच्या खोलीत बसून आजारी माणसासाठी प्रार्थना करतात. चौकातला कुठलाही पोरगा त्यांना आरोपी करू शकतो. ज्याचं धर्मांतर झालं म्हणायचं, तो स्वतः ‘मला कुणी फसवलं नाही’ म्हणाला तरी खटला चालतोच. १९७७च्या स्टॅनिस्लॉस निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही. तो निकाल मला अपुरा वाटतो, पण तो मान्य केला तरी स्वतःहून धर्म बदलणाऱ्याचं काय? त्याची विवेकबुद्धी कुणाच्या नावावर आहे? आपल्याकडे २०२५च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली, ‘लव्ह जिहाद’ आणि सक्तीच्या धर्मांतरावर कायदा सुचवायला. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती आहेत १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. देशात १९५१ला आम्ही २.३ टक्के होतो, २०११लाही २.३ टक्केच. दीडशे-दोनशे वर्षं शाळा आणि दवाखाने चालवून, परदेशी पैसा ओतून झालेलं ‘आक्रमण’ ते हे.

बस्तरमध्ये जानेवारी २०२५मध्ये एका ख्रिस्ती पाळकाचं शव तीन आठवडे शवागारात पडून राहिलं. गावाने गावात पुरू दिलं नाही. मुलगा वडिलांना मातीत ठेवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, आणि शेवटी वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना नेलं. ज्या गावात माणूस जगला तिथे त्याला सहा फूट जमीन मिळाली नाही, आणि आपण तारखेवर कुणाचं नाव यावर रुसून बसतो.

उलट टोकही बघून ठेवावं. अमेरिकेत ख्रिस्ती बहुसंख्य आहेत, तिथे काही राजकारणी वर्षानुवर्षं ओरडतात की ख्रिसमस धोक्यात आहे, दुकानदार ‘मेरी ख्रिसमस’ऐवजी ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणतात. ज्या भूमीत पाच शिलिंग दंड होता तिथे! बहुसंख्याकांना भेदरवून ठेवण्याचा धंदा सगळीकडे एकाच भांडवलावर चालतो, आणि त्यात ख्रिस्ती म्हणून मला काही सूट मागायची नाही. आमच्यातले काही आता मुसलमानांबद्दल तीच भाषा बोलू लागलेत, म्हणजे आपल्याला जरा बरी वागणूक मिळेल. डांग विसरले असतील.

येशूच्या जन्माची गोष्टच पहिल्या ओळीपासून सरकारी आहे. ऑगस्टस कैसर नावनिशी करायचा हुकूम काढतो, म्हणून गरोदर बाईला शंभर-सव्वाशे किलोमीटर प्रवास करावा लागतो. हेरोद घाबरतो, म्हणून बेथलेहेमची लेकरं मारली जातात आणि हे कुटुंब रातोरात मिसरात पळून जातं. तेव्हा सण आणि राजकारण वेगळं ठेवा, असा उपदेश निदान या सणाला तरी लागू होत नाही.

म्हणून माझं आमच्या पुढाऱ्यांना म्हणणं असं: पुढच्या डिसेंबरात कुणी मंत्री केक कापायला आले तर त्यांच्यापुढे दोन कागद ठेवा. एकावर १९५०च्या आदेशातला तिसरा परिच्छेद, लाल रेघ मारलेला. दुसऱ्यावर एवढंच, की धर्मांतराची तक्रार ज्याची फसवणूक झाली त्याच्याशिवाय कुणाकडून घेऊ नये, आणि प्रार्थनेवर हल्ला झाला तर गुन्हा आधी हल्लेखोरांवर नोंदवावा. सुशासन दिनाचे बॅनर लावायला त्यांना आमची काहीच हरकत नाही. तुळशीचं रोप तर आम्हीच देऊ, मंडळीच्या आवारात पुष्कळ आहेत.